हिशेबाच्या मॅक्रोंत अ‍ॅरेंचा आराखडा हवा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

३१ मार्चला सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आर्थिक वर्ष संपते आणि पाठोपाठ उन्हाळी सुटीतले प्रोग्रॅमिंगचे वर्ग भरू लागतात. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर पाहा किंवा नवी मुंबईत नेरूळ-कोपरखैरण्यात, चित्र सारखेच असते. सोसायटीच्या कार्यालयात कुणा जाणत्या सभासदाने एक्सेलमध्ये लिहून दिलेला मॅक्रो (कामे आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) थकबाकीची यादी काढत असतो आणि जवळच्याच वर्गात मुले दोन मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा प्रोग्रॅम पाठ करत असतात. काम दोन्हीकडे एकाच जातीचे आहे: एकापेक्षा अधिक ओळी-स्तंभांचे तक्ते, म्हणजे द्विमितीय अ‍ॅरे एका वेळी हाताळायचे. उणीवही एकच आहे. कुठल्या अ‍ॅरेत पहिला निर्देशांक (तक्त्यातल्या घराचा क्रमांक) कशाचा, दुसरा कशाचा, मोजणी शून्यापासून की एकापासून, रक्कम रुपयांत की पैशांत, हे कुठेही लिहिलेले नसते. प्रोग्रॅम चालतो, आकडे छापले जातात आणि चूक सर्वसाधारण सभेत उघडी पडते. यावर सविस्तर लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते.

बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा जुनी झाली, आता पायथन शिकवा, असा आग्रह आहे. पायथनला आमचा विरोध नाही. पण जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी १ मे १९६४ रोजी डार्टमथ कॉलेजात सुरू केलेली ही भाषा आजही आपल्या कार्यालयांत रोज चालते. १९९३ साली एक्सेलमध्ये आलेली व्हीबीए ही मॅक्रोभाषा तिचीच शाखा. लिबरऑफिसमधली मॅक्रोभाषाही बेसिकच. घरी सराव करायला क्यूबी६४ आणि फ्रीबेसिक फुकट मिळतात. म्हणजे हे ज्ञान कालबाह्य नाही, फक्त नीट शिकवले जात नाही. (या पत्रात आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन लिपीत टाइप कराव्यात.)

उदाहरण सोसायटीचेच घेऊ. सात मजले, मजल्यावर चार सदनिका, एकूण २८. बारा महिने. (डिम ही माप जाहीर करणारी आज्ञा; नावापुढे $ म्हणजे आत मजकूर.) लागणारे अ‍ॅरे असे:

डिम आकारणी(२८, १२), वसुली(२८, १२)
डिम मुद्दल(२८, १२), व्याज(२८, १२)
डिम नाव$(२८), सदनिका(२८)

चारही तक्त्यांत पहिला निर्देशांक सदनिकेचा, दुसरा महिन्याचा. हा क्रम एकदा ठरला की कुठल्याही तक्त्यात उलटवायचा नाही. एका तक्त्यात (सदनिका, महिना) आणि दुसऱ्यात (महिना, सदनिका) असे झाले तर बरोबर बारा सदनिकांच्या छोट्या इमारतीत त्रुटी येतच नाही, कारण दोन्ही आकडे मर्यादेत बसतात. फक्त उत्तर चुकते. मोठ्या इमारतीत निदान तेराव्या सदनिकेवर प्रोग्रॅम थांबतो. म्हणून लूपमध्ये (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागात) आय, जे अशी अक्षरे वापरण्याची सवय आम्हाला घातक वाटते. सदनिकेसाठी स, महिन्यासाठी म, खर्चाच्या शीर्षासाठी श ठेवावे. दरांचा तक्ता वेगळ्या आकाराचा असतो: दर(श, प्र), म्हणजे शीर्ष आणि सदनिकेचा प्रकार. तिथे ‘दर(स, म)’ लिहिले गेले तर अक्षरे पाहूनच डोळ्याला खटकते. ‘दर(आय, जे)’ कुणाला खटकणार?

पहिला अडथळा सदनिका क्रमांकाचा. १०१ ते ७०४ हे क्रमांक थेट निर्देशांक म्हणून वापरण्याचा मोह होतो. तसे केले तर डिम मुद्दल(७०४, १२) लिहावे लागते आणि शून्य धरून ७०५ × १३ म्हणजे ९,१६५ घरे तयार होतात. प्रत्येक डबल (जास्त अचूक दशांश) प्रकारच्या संख्येला ८ बाइट, म्हणजे एका तक्त्याला ७३,३२० बाइट. जीडब्ल्यू-बेसिक या बेसिकच्या जुन्या आवृत्तीत प्रोग्रॅम आणि डेटा मिळून जेमतेम ६०,००० बाइट मोकळे असतात. तिथे त्रुटी ७, ‘आउट ऑफ मेमरी’, लगेच येते. २८ ओळींचा तक्ता मात्र शून्य धरून २९ × १३ × ८, म्हणजे ३,०१६ बाइटांत मावतो. व्हीबीएत जागेची ददात नाही, पण तिथेही प्रत्येक लूप शेकडो रिकाम्या ओळींवरून फिरत राहतो.

सरळ इमारतीत ओळ क्रमांक सूत्राने काढता येतो:

ओळ = (क्रमांक \ १०० − १) * ४ + क्रमांक मॉड १००

१०१ साठी १, ७०४ साठी २८. इथे उलटी तिरकी रेघ हा पूर्णांकी भागाकार आहे आणि मॉड म्हणजे भागाकाराची बाकी, साधी रेघ दिली तर उत्तरात अपूर्णांक येतो. पण उंच टॉवरांत मध्ये रेफ्यूज मजला (आगीच्या वेळी आसऱ्यासाठी) असतो, तळमजल्यावर गाळे असतात, ए आणि बी विंगमध्ये दोन्हीकडे १०१ असतो. तिथे सूत्र कोसळते. त्यापेक्षा सदनिका() या एकमितीय अ‍ॅरेत खरे क्रमांक साठवावेत, विंगचे अक्षर लागत असेल तर तो अ‍ॅरे अक्षरी प्रकारचा करावा, आणि शोधून ओळ काढावी. शोधात क्रमांक सापडलाच नाही तर ओळ शून्य राहते, हे लक्षात ठेवून तपासणी घालावी. नाहीतर अनोळखी पावतीची रक्कम मुकाट्याने शून्याव्या ओळीत जमा होते आणि एकूण वसुलीत तूट दिसते.

महिन्याचा घोळ याहून जास्त वेळा होतो. मंथ() हे फंक्शन जानेवारीला १ देते. सोसायटीचे वर्ष एप्रिलला सुरू होते. कुणी थेट तोच आकडा वापरला तर जानेवारी-मार्चची वसुली वर्षाच्या आरंभी जाऊन बसते आणि व्याज चुकते. रूपांतर एका ओळीचे आहे:

म = (मंथ(तारीख) + ८) मॉड १२ + १

एप्रिल १, डिसेंबर ९, जानेवारी १०, मार्च १२.

आता शून्याव्या स्तंभाविषयी, कारण आमच्या मते सगळ्या पत्रातला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे. ‘ऑप्शन बेस १’ लिहून मोजणी एकापासून करावी, असे बहुतेक वर्गांत सांगतात. या कामासाठी ते करू नये. मुद्दल(स, ०) आणि व्याज(स, ०) ही घरे मागील वर्षाच्या येणे बाकीसाठी राखावीत. मग प्रत्येक महिन्याची बाकी आदल्या महिन्यावरून काढताना एप्रिलसाठी वेगळा नियम लिहावा लागत नाही. एप्रिलचा ‘आदला महिना’ म्हणजे शून्यावा स्तंभ. ‘ऑप्शन बेस १’ असेल तर म − १ शून्य होताच त्रुटी ९, ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज’. ती टाळायला लोक ‘इफ म = १’ अशी अट घालतात, मग ती एका तक्त्यात घालतात, दुसऱ्यात विसरतात. मात्र शून्यावी ओळ किंवा स्तंभ एकाच कामासाठी वापरावा. तिथेच बेरजाही ठेवल्या आणि लूप एलबाउंडपासून (खालची मर्यादा) यूबाउंडपर्यंत (वरची मर्यादा) फिरवला, तर बेरीज स्वतःलाच पुन्हा मोजते आणि आकडा दुप्पट होतो.

व्याज आणि मुद्दल यांचे दोन वेगळे तक्ते का? उपविधींनुसार थकबाकीवर सरळव्याज लावायचे असते. एकाच थकबाकी(स, म) तक्त्यात व्याज मिसळत गेले की पुढच्या महिन्याचे व्याज त्या व्याजावरही लागते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा तसा हेतू नसतो, रचनेमुळे ते घडते. समजा दरमहा आकारणी ३,००० रुपये, दर वर्षाला १२ टक्के आणि वर्षभर एकही भरणा नाही. सरळव्याजाने मार्चच्या बिलापर्यंत व्याज १,९८० रुपये होते. मिसळलेल्या तक्त्यात ते २,०४७ रुपये ५१ पैसे भरते. फरक ६७ रुपये ५१ पैसे, पण सभासदाने कागद मांडून विचारले तर समितीकडे उत्तर नसते.

लूप असा:

फॉर स = १ टू २८
फॉर म = १ टू १२
नवे = ०
इफ मुद्दल(स, म − १) > ० देन नवे = मुद्दल(स, म − १) * वार्षिकदर / १२००
व्याज(स, म) = व्याज(स, म − १) + नवे
मुद्दल(स, म) = मुद्दल(स, म − १) + आकारणी(स, म)
भरणा = वसुली(स, म)
इफ भरणा >= व्याज(स, म) देन
भरणा = भरणा − व्याज(स, म)
व्याज(स, म) = ०
एल्स
व्याज(स, म) = व्याज(स, म) − भरणा
भरणा = ०
एंड इफ
मुद्दल(स, म) = मुद्दल(स, म) − भरणा
नेक्स्ट म
नेक्स्ट स

‘नवे = ०’ ही ओळ गाळली तर ज्याची बाकी नाही त्याला आधीच्या सदनिकेचे व्याज लागते. आगाऊ भरलेल्या सभासदाचे मुद्दल ऋण असते. ‘शून्यापेक्षा जास्त’ ही अट नसेल तर त्याच्या खाती ऋण व्याज पडते. इथे भरणा आधी व्याजात वळता केला आहे. तो आधी मुद्दलात वळवायचा असेल तर समितीने लेखापरीक्षकाला विचारून ठरवावे आणि मगच ओळींचा क्रम बदलावा. सदनिका बाहेर आणि महिना आत, किंवा उलट, दोन्ही चालते. महिने मात्र चढत्या क्रमानेच गेले पाहिजेत. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये अनेक ओळींचे इफ चालत नाही, तिथे ओळ क्रमांक देऊन गोटूने उडी मारावी लागते.

ताळा घ्यायचा तो असा: सर्व सदनिकांची आरंभीची बाकी, अधिक वर्षाची आकारणी, अधिक वर्षाचे लावलेले व्याज, वजा एकूण वसुली, बरोबर मार्चअखेरचे मुद्दल अधिक व्याज. यासाठी ‘नवे’ची बेरीज वेगळ्या चलात ठेवावी, कारण व्याज() तक्त्यात भरण्यानंतर उरलेले व्याजच दिसते. ताळा जुळला नाही तर यादी छापूच नये.

थकबाकीदारांची यादी मोठ्या रकमेपासून लावताना सर्वांत लाजिरवाणी चूक होते. मुद्दल() तक्त्याच्या ओळी अदलाबदल केल्या जातात, नाव$() तसाच राहतो, आणि एकाची थकबाकी दुसऱ्याच्या नावावर सूचनाफलकावर लागते. चार तक्ते आणि दोन याद्या एकत्र हलवायच्या म्हणजे प्रत्येक अदलाबदलीला पन्नासहून जास्त घरे हलवावी लागतात, त्यात एखादा तक्ता सुटतोच. म्हणून मूळ तक्त्यांना हातच लावू नये. क्रम(२८) असा एक अ‍ॅरे घ्यावा, त्यात १ ते २८ भरावेत आणि तुलना करताना त्याच्यातून पाहावे:

अबाकी = मुद्दल(क्रम(अ), १२) + व्याज(क्रम(अ), १२)
बबाकी = मुद्दल(क्रम(ब), १२) + व्याज(क्रम(ब), १२)
इफ अबाकी < बबाकी देन स्वॅप क्रम(अ), क्रम(ब)

अ हा ब च्या आधीचा. छापतानाही नाव$(क्रम(अ)) असेच वाचावे. व्हीबीएत स्वॅप ही आज्ञा नाही, तिसरे चल घेऊन तीन ओळींत अदलाबदल करावी. या पद्धतीत नाव आणि रक्कम कधीच फुटत नाहीत, आणि हवी तर मजल्याप्रमाणे दुसरी यादी दुसऱ्या क्रमाने त्याच तक्त्यांवरून काढता येते. वर्गांत बबल सॉर्ट शिकवतात, पण निर्देशांकांचा अ‍ॅरे लावायला फार थोड्या ठिकाणी शिकवतात. तो शिकवायला एका तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

काही शिक्षक म्हणतील, चार तक्त्यांऐवजी एकच त्रिमितीय अ‍ॅरे का नाही? खर्चाची शीर्षे, म्हणजे पाणी, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, वाहनतळ, सेवाशुल्क, यांसाठी आकारणी(स, म, श) योग्यच आहे. सगळी घरे एकाच एककात आणि एकाच अर्थाची असतात. पण मुद्दल, व्याज, वसुली यांचे नियम वेगळे आहेत. खाते(स, म, ३) म्हणजे वसुली, हे लक्षात ठेवण्यापेक्षा वसुली(स, म) वाचणे सोपे. असे आमचे मत आहे.

डेटा (प्रोग्रॅममध्येच लिहिलेले आकडे) आणि रीड (ते ओळीने वाचणारी आज्ञा) यांनी तक्ते भरायला शिकवतात तिथे एक सापळा आहे. आकारणीचे ३३६ आकडे, त्यांच्यामागून वसुलीचे ३३६. आकारणीत एक आकडा टाइप करायचा राहिला तर प्रोग्रॅम तिथे थांबत नाही. वसुलीचा पहिला आकडा आकारणीच्या शेवटच्या घरात जातो, वसुलीचा अख्खा तक्ता एक घर सरकतो, आणि त्रुटी ४, ‘आउट ऑफ डेटा’, येते ती अगदी शेवटी. विद्यार्थी मग शेवटच्या ओळीत चूक शोधत बसतो. प्रत्येक तक्त्यानंतर −९९९९ सारखी खूण ठेवावी, ती वाचावी आणि जुळली नाही तर तक्त्याचे नाव छापून थांबावे. ओळीमागे बारा आकडे टाइप केले, म्हणजे एक सदनिका एक ओळ, तर डोळ्यानेही चूक सापडते.

एक्सेलमधून तक्ता उचलताना घोळ आणखी नाजूक होतो. बी२ ते एम२९ या रेंजची व्हॅल्यू व्हेरियंटमध्ये (कुठलाही प्रकार धरणाऱ्या चलात) घेतली की २८ ओळी आणि १२ स्तंभांचा द्विमितीय अ‍ॅरे मिळतो, आणि त्याची मोजणी नेहमी १ पासून असते, ‘ऑप्शन बेस’ काहीही असो. आपले तक्ते शून्यापासून आहेत. म्हणून उचललेला तक्ता लूपने घरोघरी उतरवून घ्यावा आणि परत लिहितानाही १ पासूनच्या वेगळ्या अ‍ॅरेत भरून लिहावा. ०-२८, ०-१२ चा तक्ता सरळ त्या रेंजवर लिहिला तर एक्सेल तक्रार करत नाही: शून्यावी ओळ पहिल्या सदनिकेत बसते, मागील वर्षाची बाकी एप्रिलच्या रकान्यात पडते, शेवटची ओळ आणि मार्चचा स्तंभ गळून जातो. अ‍ॅरे रेंजपेक्षा लहान असेल तर उरलेल्या घरांत ‘एन/ए’ ही त्रुटी दिसते, ती निदान दिसते तरी. एकाच घराची रेंज उचलली तर अ‍ॅरे मिळतच नाही, सुटी किंमत मिळते, आणि यूबाउंड विचारताच त्रुटी १३, ‘टाइप मिसमॅच’. हीच त्रुटी १३ कुणी घरात ३०००/- असे लिहिले असेल तरीही येते, कारण ती संख्या नसून मजकूर आहे. पत्रकात आकडेच टाइप करावेत, ‘/-’ छापायचे असेल तर ते घराच्या फॉरमॅटमधून दाखवावे.

लिबरऑफिस वापरणाऱ्या सोसायट्यांनी एक ध्यानात घ्यावे. तिथे गेटडेटाअ‍ॅरे जे देते तो द्विमितीय अ‍ॅरे नसतो, ओळींच्या अ‍ॅरेंचा अ‍ॅरे असतो. डेटा(०, ०) चालत नाही, डेटा(०)(०) लिहावे लागते, आणि मोजणी शून्यापासून. परत लिहिताना आकार रेंजशी तंतोतंत जुळावा लागतो. एक्सेलचा मॅक्रो जसाच्या तसा उचलून तिथे चालत नाही याचे हे एक मोठे कारण आहे.

पावत्यांची नोंदवही वाढत जाते, तिचे माप आधी माहीत नसते. व्हीबीएत ‘रीडिम प्रिझर्व्ह’ने आतला मजकूर राखून अ‍ॅरे वाढवता येतो, पण फक्त शेवटच्या मितीची वरची मर्यादा बदलता येते. पावती(नोंद, ४) असे लिहिले तर नोंदी वाढवताना त्रुटी ९ येते. म्हणून इथे क्रम उलटा हवा: पावती(१ टू ४, १ टू न), म्हणजे तारीख, ओळ, रक्कम, पावती क्रमांक हे चार आधी आणि वाढणारी नोंद शेवटी. आधी सांगितलेल्या ‘एकच क्रम’ या नियमाला हा एकमेव अपवाद, आणि तो प्रोग्रॅमच्या माथ्यावर टिपणीत लिहून ठेवावा. प्रत्येक पावतीला एकेक घर वाढवू नये. दर वेळी सगळा अ‍ॅरे नव्या जागी नकलला जातो. शंभर-शंभरने वाढवावे आणि शेवटी जेवढे लागले तेवढे ठेवावे.

प्रकारांबद्दल थोडे, पण काळजीने वाचावे असे. इंटिजर (लहान पूर्णांक) ३२,७६७ च्या वर जात नाही. सदनिकेची वार्षिक आकारणी सहज त्यापुढे जाते. व्हीबीएत ३५०० * १२ एवढे लिहिले तरी त्रुटी ६, ‘ओव्हरफ्लो’, येते, उत्तर डबलमध्ये साठवायचे असले तरीही, कारण दोन्ही संख्या इंटिजर धरून गुणाकार आधी होतो. ३५००& असे लिहावे. सिंगल या दशांश प्रकाराला सुमारे सातच आकडे नीट धरता येतात. २८ सदनिकांची वर्षाची आकारणी १०,०८,००० रुपये झाली की त्या आकड्याच्या आसपास सिंगल सुमारे ६ पैशांच्या पायऱ्यांनीच पुढे सरकतो, आणि ताळा कधीच पैशापर्यंत जुळत नाही. व्हीबीएत करन्सी हा प्रकार वापरावा. क्यूबेसिक या बेसिकच्या आवृत्तीत रकमा पैशांत, लाँग (मोठा पूर्णांक) प्रकारात ठेवाव्यात, तो २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैशांपर्यंत पुरतो. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये लाँग नाही, तिथे डबलमध्ये पैसे मोजावेत. आणि व्हीबीएचे राउंड फंक्शन नेमक्या अर्ध्यावर सम संख्येकडे वळते: २.५ चे २ करते, ३.५ चे ४. एक्सेलच्या पत्रकातले राउंड २.५ चे ३ करते. बिल पत्रकात आणि यादी मॅक्रोत काढली तर रुपयाचा फरक इथून येतो. दोन्हीकडे पत्रकाचेच फंक्शन वापरावे.

आता काही लक्षणे. जीडब्ल्यू-बेसिक किंवा क्यूबेसिकमध्ये प्रोग्रॅम दहा सदनिकांपर्यंत चालून अकराव्या सदनिकेवर त्रुटी ९ देऊन थांबला, तर अ‍ॅरेचे नाव कुठेतरी चुकीचे टाइप झाले आहे. डिम न केलेल्या नावाला या भाषा स्वतःहून ० ते १० अशी घरे देतात, त्यामुळे पहिल्या दहांना शून्य मिळते आणि अकराव्याला जागा नसते. महिना अकरावर थांबला तरी कारण तेच. याच भाषांत मुद्दल आणि मुद्दल(स, म) ही दोन वेगळी चले असू शकतात, त्यामुळे कंस राहिला तर त्रुटी नाही, फक्त शून्य. व्हीबीएत ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ (जाहीर न केलेले नाव नाकारणारी आज्ञा) पहिल्या ओळीत लिहिल्याशिवाय पुढे जाऊच नये. ‘डिम स, म अ‍ॅज लाँग’ लिहिले तर फक्त म लाँग होतो, स व्हेरियंट राहतो.

मॅक्रो दुसऱ्यांदा चालवल्यावर वसुली दुप्पट दिसते, याचे कारण मॉड्यूलच्या माथ्यावर जाहीर केलेले अ‍ॅरे आधीच्या फेरीतले आकडे धरून असतात. सुरुवातीला इरेझ लिहावे. ठरावीक मापाच्या अ‍ॅरेत त्याने शून्ये भरली जातात. रीडिमने केलेला अ‍ॅरे मात्र पुसलाच जातो आणि पुन्हा रीडिम न करता वापरला तर परत त्रुटी ९. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये गोटूने मागे जाताना डिमची ओळ पुन्हा ओलांडली तर त्रुटी १०, ‘डुप्लिकेट डेफिनिशन’. आणि कुणी मॅक्रो व्हीबी डॉटनेटमध्ये नेला तर तिथे ‘ब = अ’ लिहून अ‍ॅरेची प्रत होत नाही, दोन्ही नावे एकाच तक्त्याकडे बोट दाखवतात. व्हीबीएत ‘ब’ ठरावीक मापाचा नसेल तर प्रत होते. मागच्या वर्षाचा तक्ता राखून ठेवताना हा फरक महागात पडतो.

नवा मॅक्रो पूर्ण सोसायटीवर सोडण्याआधी तीन सदनिका आणि तीन महिने घेऊन हाताने तपासावा. आकारणी ३,०००, दर १२ टक्के. पहिली सदनिका दरमहा भरते: तिन्ही महिने शून्य. दुसरी काहीच भरत नाही: एप्रिलअखेर मुद्दल ३,०००, व्याज शून्य, मेअखेर ६,००० आणि ३०, जूनअखेर ९,००० आणि ९०. तिसरीची मागील बाकी ५,००० आणि तिने फक्त मे महिन्यात ६,००० भरले: एप्रिलअखेर ८,००० आणि ५०; मेमध्ये व्याज १३० होऊन फिटते, मुद्दल ५,१३०; जूनअखेर मुद्दल ८,१३०, व्याज ५१ रुपये ३० पैसे. हे आकडे आले नाहीत तर दोष लूपमध्ये आहे, पत्रकात नाही. जूनअखेर तिसरीचे व्याज १०० रुपये ८० पैसे आले, तर मेच्या भरण्यातून एप्रिलचे ५० रुपये वळते झालेले नाहीत असे समजावे.

आमची विनंती दोघांना आहे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या वर्गचालकांनी मॅट्रिक्सचा गुणाकार जरूर शिकवावा, पण त्याआधी मुलांकडून अशा तीन-चार तक्त्यांचा हिशेब कागदावर मांडून घ्यावा. आणि सोसायटीच्या समित्यांनी मॅक्रो लिहून देणाऱ्याकडून एक पानाचा आराखडा लेखी घ्यावा. त्यात प्रत्येक अ‍ॅरेचे नाव, पहिला आणि दुसरा निर्देशांक कशाचा, मोजणी कुठून, शून्याव्या स्तंभात काय, रक्कम रुपयांत की पैशांत, भरणा आधी कशात वळता होतो आणि तपासणीची ही तीन सदनिकांची उत्तरे एवढे असावे. समिती पाच वर्षांनी बदलते, लिहिणारा सभासद घर विकून जातो, फाइल मात्र राहते. हा कागद सचिवांच्या दप्तरात हिशेबाच्या फाइलसोबत ठेवावा आणि नव्या समितीकडे कार्यभार देताना कागदपत्रांच्या यादीत त्याची नोंद करावी.

कळावे,
आपले नम्र,
काही संगणक-शिक्षक व प्रोग्रॅमर,
नौपाडा, ठाणे (प.)